काकूंची एक सही

आपलं सरकार लय मायाळू आहे, हे मी देवळात उभी राहून सांगेन. गावाकडची पोरं शहरात शिकायला येतात, त्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही, कारण जागाच नाहीत. मग सरकारला वाईट वाटतं आणि ते बाहेर खोली घेऊन राहायला भत्ता देतं. वसतिगृह बांधण्यापेक्षा वाईट वाटून घेणं स्वस्त पडत असावं. भत्त्याला अटी होत्या. पोरगी गरीब हवी, मार्क बरे हवेत, घर लांब हवं, ती नातेवाइकांकडे राहत नसावी आणि घरमालकाच्या सहीचा भाडेकरार हवा. बाकीचं सगळं माझ्याकडे भरपूर होतं. अडलं ते करारापाशी.

आम्ही जतकडचे. वडिलांची, म्हणजे आबांची, मेंढरं. दिवाळी सरली की ते कळप घेऊन कृष्णाकाठी उतरायचे, रिकाम्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचे आणि शेतकरी देईल ते धान्य घ्यायचे. मी सांगलीत बी.एस्सी.ला होते. पहिलं वर्ष आबांनी कोकरं विकून काढलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी स्वच्छ सांगितलं की खोलीचं भाडं आता झेपत नाही. भत्ता आला तर शीक, नाहीतर घरी बसून बाहेरनं परीक्षा दे. आता केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल घरी बसून कशावर करायचं, मेंढीच्या दुधावर? म्हणजे माझी डिग्री त्या एका सहीवर टांगलेली होती.

सही करायची होती आमच्या घरमालकीणबाईंनी. विश्रामबागेच्या मागे त्यांचं घर, परड्यात माझी खोली. सगळे त्यांना काकू म्हणायचे. बाई सोन्यासारखी. मला ताप आला तर उशाशी बसायची, सणाला पोळी पहिली माझ्या ताटात. करार म्हटलं की मात्र त्यांचा चेहरा कारलं चावल्यासारखा व्हायचा.

"आगं पोरी, जीव माग, देते. सही मागू नगंस."

कारण जुनं होतं. त्यांच्या आजेसासऱ्यांनी वाळव्याकडचं रान एका भल्या माणसाला विश्वासानं कसायला दिलं होतं. कूळकायदा आला, तो भला माणूस कूळ म्हणून कागदावर चढला आणि रान त्याचं झालं. तेव्हापासून त्या घरात लेकी दिल्या, सुना आणल्या, पण राहणाऱ्याला कागद म्हणून दिला नाही. दुधानं तोंड भाजलेलं, ताक फुंकून पिणं आलंच. फक्त दूध भाजलं होतं तीन पिढ्यांमागे आणि फुंकर माझ्या डिग्रीवर.

स्टँपवाल्यानं त्यांना समजावलं की हा अकरा महिन्यांचा करार, खोलीचा, याच्यात कूळबिळ काही लागत नाही. काकू म्हणाल्या, आजेसासऱ्यांनाबी असंच सांगितलं हुतं. मी रडून बघितलं, रुसून बघितलं. काकूंनी दोन्ही वेळा शिरा करून घातला. संतापानं माझ्या डोक्याच्या शिरा तटतटायच्या, आणि शिरा तर असा व्हायचा की नको म्हणवत नसे.

शेवटी आबा आले. घोंगडं अंगणात टाकून बसले, चहा प्याले, रानापाण्याचं बोलले, आणि मग सावकाश म्हणाले, "आवं ताई, मेंढरं बसली ती जमीन आमची व्हणार असती, तर निम्मा जिल्हा आज माझ्या नावावर असता."

काकूंना इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. त्या हसण्याच्या भरातच त्यांनी सही केली. मी शाई ओली असतानाच कागद उचलला, न जाणो.

अर्ज गेला. महिन्याभरात एक साहेब पाहणीला आले, सोबत मोबाईलवर फोटो काढणारा शिपाई. साहेबांनी खोली बघितली, मोरी बघितली, माझी गादीसुद्धा उलटून बघितली. सरकारी पैसा गादीखाली जाऊ नये, ही काळजी. मग काकूंना विचारलं, ही मुलगी राहते का इथं, किती दिवस, किती भाडं देते?

हातात कागद, पायात बूट, घराचे फोटो आणि 'किती दिवस राहते'. काकूंना वाटलं, आलं कूळकायद्याचं माणूस. मी साहेबांच्या पाठीमागे उभी राहून जोरजोरात मान हलवत होते, हातानं पैशाची खूण करत होते. काकूंना वाटलं, पोरगीच सांगतेय, पैशाचं नाव काढू नका.

"भाडं? आवं सायब, भाडं कसलं? पोरगी घरचीच हाय. माझ्या भनीचीच लेक."

साहेबांनी मान डोलावली, चहा घेतला आणि लिहिलं: नातेवाइकांकडे वास्तव्य. अपात्र. काकूंनी वर माझ्याकडे विजयी मुद्रेनं बघितलं. त्या क्षणी मला त्यांचा गळा धरावासा वाटला, आणि गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. कचेरीत गेले तर म्हणाले, ऑनलाइन अपील करा. साइट उघडली तर मुदत संपलेली. आणि पहिल्या तारखेला काकूंनी बहिणीच्या लेकीकडून भाडं मात्र न चुकता घेतलं.

दिवाळीला मी सामान बांधलं. पुढे बाहेरून बी.ए. केलं, त्याला टेस्ट ट्यूब लागत नाही. पण त्या दिवशी जीव तुटत होता. आबा ट्रंक घेऊन फाटकाशी उभे होते. काकू पदर तोंडाशी धरून हुंदके देत होत्या, शेजारणी गोळा झाल्या होत्या. रडणं खरं होतं, हे मी आजही सांगेन. त्यांनी माझ्या हातात चिवड्याचा डबा दिला, तोंडावरून हात फिरवला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "कवाबी ये गं पोरी. हे घर तुझंच हाय."

मी म्हटलं, "काकू, एवढं लिहून द्याल?"

काकूंचं रडणं जागच्या जागी थांबलं.