तळ्यावर राहिलेल्या गंगूला

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी, गंगू, तू दारात आली नाहीस. बैलगाडीत दोन बोचकी, एक कढई आणि माझ्या मांडीवर तापानं कण्हणारी सुशीला. गाडी तळ्याच्या पाळीवरून, त्या मातीच्या बांधावरून, निघाली तेव्हा तुझा पांडुरंग साहेबांना डोंग्यात बसवत होता. त्यानं वर पाहिलं नाही, ह्यांनी हाक मारली नाही. सख्खे भाऊ दोघं. कामठीला आम्ही नागपूरच्या रेल्वेत बसलो.

ती सुशीला आता हे लिहून घेते आहे. मी बोलते तसं नाही, शाळेतलं लिहिते. तिला यातलं काही ठाऊक नाही, म्हणून तिच्यासाठीही सगळं सांगते.

आपण दोघी बहिणी दोघा भावांना दिलेल्या. रामटेकच्या डोंगरामागचं ते तळं मालगुजाराचं, म्हणजे गावच्या मालकाचं, पण त्यातला शिंगाडा आजेसासऱ्यापासून आपल्या घराचा. आषाढात छातीइतक्या पाण्यात उभं राहून वेल लावायचे, दिवाळीच्या सुमाराला तोडायला लागायचं. मग उकडणं, सोलणं, वाळवणं. तुझी-माझी बोटं थंडीभर काळी असायची. आपले बाबा म्हणायचे, "ज्याचं शेत पाण्यात, त्यानं काठावर भांडू नये, पोरींनो." आपल्या घरातलं भांडण पाण्यातच झालं.

हिवाळ्यात बदकं उतरायची आणि त्यांच्यामागे कामठीच्या छावणीतले गोरे साहेब बंदुका घेऊन यायचे. मालगुजारानं त्यांच्यासाठी पाळीवर बंगला बांधला. गावातल्या अंड्यांना, दुधाला, वांग्यांना घरबसल्या गिऱ्हाईक मिळालं. आपणही खूश होतो, खोटं कशाला बोलू? पण आम्ही गाव सोडलं त्या वर्षी बदकं वेलांत दडली आणि मालगुजारानं ह्यांना डोंगा सरळ वेलांतून घालायला सांगितलं.

"नेत नाही, मालक."

"काहून?"

"अर्धा शिंगाडा तोडायचा हाये. वेल तुटले तं खावं काय?"

मालगुजारानं पांडुरंगाकडे पाहिलं. तो बांबू घेऊन डोंग्यात चढला आणि डोंगा वेलांतून नेला. पुढे शिंगाड्याचा ठेका घरातून गेला आणि पांडुरंग बंगल्याचा नावाडी झाला. तू चुलीपाशी मला म्हणालीस, "बाई, तुह्या पदरी एक लेकरू, माह्या पदरी तीन. ह्यायनंबी नाही म्हटलं असतं तं समदेच उपाशी राह्यलो असतो." मी उठून बोचकी बांधायला घेतली.

नागपुरात ह्यांना गिरणीत काम लागलं. आम्ही खोल्या बदलत राहिलो. एक अंधारी म्हणून सोडली, एक नळावरच्या कटकटीपायी, आणि एक चांगली होती तरी सोडली. माझा पाय एका जागी ठरेना. शेवटी इतवारीच्या बाजारात टोपली घेऊन बसू लागले, शिंगाड्याचीच. दुसऱ्या गावच्या तळ्यातला माल. गिऱ्हाईक विचारतं, "तुमच्या घरचा का?" मी मान हलवते. कशी हलवते, ते माझं मलाही कळत नाही.

मागच्या कार्तिकात रामटेकच्या जत्रेला आले तेव्हा तुझ्याकडे राहिले. आता साहेब कमी, नागपूरचे वकीलच बायकापोरांना घेऊन मोटारीतून येतात. तू त्यांच्या स्वयंपाकाला माणसं लावलीस, बंगल्यामागे भाजीचे वाफे केलेस. मला कोरी गोधडी दिलीस, भांड्याला हात लावू दिला नाहीस. ते मला लागलं, गंगू. पाहुणी केलीस मला. आणि खरं सांगायचं तर पहाटे गिरणीचा भोंगा वाजला नाही म्हणून मी अंथरुणात नुसती तळमळत होते.

परवा पांडुरंग आमच्या खोलीवर आला. उंबऱ्याशीच बसला. "दादा, मालकाचा पोरगा ठेका वापस देऊन राह्यला. माह्या एकट्याच्यानं होत नाही. तू चाल ना गा."

ह्यांनी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला. मग म्हणाले, "आधी जेव." दोघं एका ताटात जेवले. मी पाठ फिरवून भाकरी थापत राहिले, तोंड दिसू नये म्हणून.

तो गेल्यावर हे म्हणाले, "जाऊ." मी नाही म्हटलं. ज्या बाईनं गाडीत कामठीपर्यंत डोळे पुसले, तिनं. सुशीला चौथीत आहे, पुढेही शिकायचं म्हणते. माझी बसायची जागा मी भांडून मिळवली आहे. आणि भीतीही वाटते. तिथे आले आणि तिथेही जीव रमला नाही, तर मग जाऊ कुठे?

म्हणून असं ठरलं. आषाढात हे एकटेच येतील, वेल लावतील, तोड संपेपर्यंत राहतील. माल मी इथे विकेन. यंदा कोणी विचारलं तर तोंडानं सांगेन, घरचा आहे म्हणून.

सुशीला विचारते आहे, "आई, खाली गाव कोणतं लिहू?" मी तिला इतवारी लिहायला सांगितलं. तिनं लिहिलं. मला वाचता येत नाही, तरी त्या अक्षरांकडे पाहत बसले आहे. आता उठते, ह्यांचं तळ्यावर न्यायचं धोतर धुवायला घेते.