कोळ्याचं जाळं आणि यमनाप्पाचा काठ

शहापुरातल्या यमनाप्पाला सगळी गल्ली हट्टी म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं. पण लुगड्याचा काठ त्याच्यासारखा विणणारा दुसरा दाखवा म्हटलं, की तीच गल्ली मूग गिळून बसायची. मागाजवळच्या कोळ्याच्या जाळ्याला तो कुणाला केरसुणी लावू द्यायचा नाही. कोळी म्हणजे आपल्या धंद्यातला थोरला, त्याचं घर कसं मोडायचं, असं त्याचं म्हणणं.

बेचाळीसच्या सुमाराला मुलगा जोतिराम यानं त्याच खोलीत विजेच्या मोटारीवर चालणारा माग बसवला. थोड्याच दिवसांत कोळ्याचं जाळं वेडंवाकडं होऊ लागलं. यमनाप्पाच्या काठातही धागे चुकू लागले. म्हाताऱ्यानं दोन्हीचा मेळ घातला: मोटारीनं कोळ्याचा हात बिघडवला, तसाच आपलाही.

जोतिरामनं ओळखीच्या उपेंद्र मास्तरांना आणलं. ते बेळगावात सायन्स शिकवायचे. त्यांनी दोऱ्याला टांगलेली सुई चालू मोटारीजवळ नेली, तशी ती हलू लागली. मोटारीभोवती चुंबकाची ओढ असते आणि ती सारखी उलटसुलट होत राहते, असं त्यांनी समजावलं. कोळ्याला ती बाधते, की नुसत्या हादऱ्यानं तो बेजार होतो, हे मात्र आपल्याला ठाऊक नाही, असंही ते सरळ म्हणाले. यमनाप्पानं पुढचं ऐकलंच नाही. त्याला आपला हात परत हवा होता.

जोतिराम चिडला खरा, पण बापावर त्याचा फार जीव. त्यानं मोटार नव्या मागासकट परसातल्या खोपीत हलवली.

कोळ्यानं नवं जाळं विणलं, अगदी रेखीव. यमनाप्पानं सून अंजनीला हाक मारून ते दाखवलं आणि हरखून मागावर बसला. दिवस कलताना त्यानं विणलेला काठ बोटांनी चाचपला. चुका होत्या तशाच होत्या.

आणखी थोडे दिवस बघू, असं जोतिराम म्हणाला.

"न्हाय रं," यमनाप्पा म्हणाला. "मोटारीवर उगाच आळ घेतला मी. वय झालं माझं."

त्या घरात बायकांनी तोवर फक्त सुताच्या कांड्या भरल्या होत्या, मागावर कुणी बसली नव्हती. यमनाप्पा उठला आणि अंजनीला म्हणाला, "बस हितं. काठ तुला शिकवतो."

ती संकोचून बसली. आडवा धागा नेणारा धोटा धरलेल्या तिच्या हातावर त्यानं आपला हात ठेवला. तो थरथरत होता, आणि आता तो त्यानं लपवला नाही.