पेटी माझी, मैफल त्यांची

आमच्या मुलुंडच्या घरातली पेटी माझी आहे आणि ती वाजवायला बंदीही मलाच आहे.

निवृत्त झाल्यावर लोक गुडघे धरतात, मी पेटी धरली. क्लास लावला. गणपतीत सोसायटीच्या आरतीला साथ मीच करणार, असं सेक्रेटरींना सांगूनही टाकलं. (ते 'बघू' म्हणाले. मला ते 'हो' असं ऐकू आलं.)

रियाज सुरू झाला आणि घरच्यांनी आपले रंग दाखवले. ज्या नवऱ्याला आजवर मेथी आणि कोथिंबिरीतला फरक कळला नव्हता, तो मी पेटीचा भाता उघडला की पिशवी घेऊन भाजीला निघायचा. सासूबाई मालवणच्या, त्या आडून बोलत नाहीत. "सुने, त्या पेटीक दुखता तरी काय?" त्यांनी विचारलं. मी दुर्लक्ष केलं. कलाकाराला घरातूनच विरोध होतो, हे मी ऐकून होते.

एका सकाळी बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरच्या जयाबेन. त्यांच्या बाथरूमचं पाणी आमच्या छतातून झिरपायचं, त्यावरून त्यांचा आणि सासूबाईंचा कित्येक वर्षं अबोला. लिफ्टमध्ये समोरासमोर आल्या तर एक वर बघायची, दुसरी खाली.

"तुमच्या घरात कोन आजारी हाय का?" जयाबेननी खऱ्या काळजीने विचारलं. "सकाळपासून कन्हायचा आवाज येते."

"कोणी आजारी नाही. मी भूप वाजवत होते."

तेवढ्यात सासूबाई मागून आल्या. मला वाटलं, आता त्या सुनेची बाजू घेणार. शेवटी घराच्या अब्रूचा प्रश्न होता.

"काय सांगू बाये तुका," त्या जयाबेनना म्हणाल्या, "तुझ्यात नि हिच्यात निदान छप्पर तरी आसा. मी हिच्या बाजूकच बसतंय."

अबोला मोडला. माझ्या भूपाने मोडला, पण त्याचं श्रेय मला द्यावं असं दोघींपैकी एकीलाही वाटलं नाही. जयाबेन आत येऊन बसल्या, "जरा बघू?" म्हणत त्यांनी पेटी पुढ्यात ओढली आणि एक गुजराती भजन धरलं. माहेरी देवळात त्या वाजवायच्या म्हणे. हे त्या आजवर बोलल्या असत्या तर मी क्लास तरी लावला नसता!

सासूबाई कोळंबी सोलत होत्या. त्यांचा हात थांबला.

"ही चाल आमच्या ह्यांची," त्या हळूच म्हणाल्या.

माझे सासरे गिरणीत होते आणि चाळीच्या भजनात पेटी वाजवायचे. ते गेल्यापासून सासूबाई कधी गायल्या नव्हत्या. त्या दिवशी गायल्या. जयाबेनचे शब्द गुजराती, सासूबाईंचे मराठी, चाल एकच. सासूबाईंचे डोळे वाहत होते, पण सूर हलला नाही. मलाही भरून आलं, मी काही दगड नाही. पण माझ्याच पेटीवरच्या मैफलीत मी ओट्यापाशी चहा उकळत उभी होते, त्याचं काय?

मग हे रोजचंच झालं. नवऱ्याने भाजीला जाणं सोडलं आणि तो मांडीवर ठेका धरून बसायला लागला.

"अगं, जयाबेनना चहा दे ना."

"पेटी कोणाची आहे?" मी विचारलं.

"तुझीच आहे गं. कोण नाही म्हणतंय?"

जयाबेननी प्लंबर बोलावून गळतीही बंद केली. सगळ्यांचं सगळं झालं, माझं तेवढं राहिलं.

गणपतीत साथीला अर्थातच जयाबेन बसल्या आणि गायला सासूबाई. मी सेक्रेटरींना गाठलं. "एक तरी आरती मी वाजवणार. शब्द दिलाय तुम्ही." ते पुन्हा 'बघू' म्हणाले. तोवर मी पेटीपुढे बसलेही होते.

मी सुरुवात केली. साउंडवाला धावत आला आणि वायरी तपासायला लागला. जयाबेननी सासूबाईंकडे बघितलं, सासूबाईंनी मंडपाकडे. मग त्यांनी आरती अशी काही उचलली की मागून सगळी सोसायटी तुटून पडली. एरवी आरतीच्या वेळी मोबाइल बघणारेसुद्धा शिरा ताणून गात होते. आमची सोसायटी इतक्या एका सुरात आजवर कधी गायली नव्हती. तो माझा सूर नव्हता, एवढंच.