फाटकाची कडी

इंग्लंडचं राज्य कोणाच्या हाती द्यावं हे ठामपणे सांगू शकणारी एकच व्यक्ती मी आयुष्यात पाहिली, आणि ती इंग्लंडात राहत नव्हती. ती हॉलंडमध्ये, रायस्वाइकला, बरोबर माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहत होती आणि रोज सकाळी सातला खलबत्त्यात वेलदोडे कुटून मला उठवत होती. वरच्या काकू. बहात्तर-त्र्याहत्तर साली लग्न होऊन लेस्टरला गेल्या, तिथे एका शाळेत पोरांना दुपारचं जेवण वाढायचं काम केलं, इंग्लंडचा पासपोर्ट घेतला आणि नव्वदच्या उन्हाळ्यात काकांच्या नोकरीपायी इकडे आल्या. मी त्यांना भेटलो तेव्हा काका जाऊन तीन वर्षं होत आली होती. मी पुण्याहून नोकरीच्या परवान्यावर नुकताच आलेला, स्वयंपाकातला अडाणी. तिसऱ्याच दिवशी वरच्या बाल्कनीतून आवाज आला, "अहो खालचे! मोहरी जळली, आता तेल फेका आणि वर जेवायला या." पहिल्या दोन घासांत मी त्यांना सांगून टाकलं, की मी इंजिनिअर आहे, आमच्या घरातला पहिला पदवीधर आहे, वडील साखर कारखान्यात फिटरच्या हाताखाली होते आणि आई अजून अंगठा उठवते. त्यांनी आमटीची वाटी पुढे सरकवली. "बरं झालं सांगितलंस. आता जेव, इंजिनिअर." तेव्हापासून तेच माझं नाव.

काकू राजकारणावर बोलायला लागल्या की ऐकणाऱ्याला वाटावं, लंडनच्या पार्लमेंटात यांची स्वतःची खुर्ची आहे आणि ती यांनी तात्पुरती वाळवणाला दिली आहे. पण त्यांना महागाईचे आकडे ठाऊक नसत, जाहीरनामे ठाऊक नसत. इराकच्या युद्धावरून तेव्हा सगळीकडे भांडणं चालली होती, त्याबद्दल त्यांचं मत एवढंच, की दोन्हीकडच्या माणसांनी लहानपणी नीट जेवण केलं नसणार. पक्षांची नावंही त्या घेत नसत. लालवाले, निळेवाले आणि पिवळेवाले. परीक्षेच्या पद्धती मात्र पक्क्या. केबलवर इंग्लंडच्या बातम्या लागत, त्या काकू आवाज बंद करून बघत. "आवाज ठेवला की सगळे शहाणेच वाटतात रे." मुका पुढारी पडद्यावर हातवारे करत असे आणि काकू त्याच्याकडे न बघता, त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवणाऱ्या माणसाकडे बघत. पुढाऱ्याने त्या माणसाकडे मान वळवली तर पास. लेस्टरला असताना दारावर मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या चकली देत. चकली नको म्हणणारा नापास, खाणारा पास आणि खाऊन हाताला लागलेलं तेल स्वतःच्याच पक्षाच्या पत्रकाला पुसणारा पहिल्या वर्गात. एकाने चहा पिऊन कप स्वतः विसळून ठेवला होता. त्याचं नाव काकूंना आठवत नव्हतं, पण तो निवडून आला नाही याचं दुःख त्यांना वीस वर्षांनंतरही होतं.

या सगळ्यांवर शेवटची परीक्षा होती ती फाटकाची. लेस्टरच्या घरापुढे वीतभर बाग होती आणि तिला कमरेएवढं लाकडी फाटक. पत्रक टाकून जाताना जो फाटकाला कडी लावून जाईल, त्याच्या पक्षाला मत. बस्स. बाकी सगळ्यात नापास झाला तरी चालेल. हॉलंडात आल्यावरही ही परीक्षा बंद पडली नव्हती. लेस्टरची जुनी गुजराती शेजारीण त्यांच्या वतीने पहारा करायची आणि निवडणूक जवळ आली की दर रविवारी दोघींचा फोन चालायचा. "आयो? कोण आयो? अने कडी?" काकूंची गुजराती एवढीच होती, पण ती पुरायची.

काकांचं वेगळं होतं. काका कायम लालवाले. लेस्टरला पहिली खोली ज्याने दिली तो लाल, म्हणून काका लाल, मरेपर्यंत. काकू कधीच काकांबरोबर नसत, कारण, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, लालवाले नेहमी घाईत असतात. सुरुवातीला परदेशातून स्वतः मत देता येत नव्हतं, तेव्हा ती शेजारीणच दोघांच्या वतीने मतदान केंद्रावर जायची, एक मत लालला टाकायची आणि दुसरं त्याच्या विरुद्ध. मग टपालाने मत देता यायला लागलं, तेव्हा दोघांनी एकाच टेबलावर बसून, एकाच पेनाने एकमेकांना खोडून काढलं. "तीस वर्षं आमच्या घरातून शून्य मत जायचं बघ," काकू म्हणायच्या. "माझं हे खायचे, यांचं मी खायची."

दोन हजार पाचची निवडणूक मे महिन्यात लागली. देश सोडून पंधरा वर्षं झाली की परदेशातल्या माणसाचं मत बंद, असा तिकडचा कायदा, आणि काकूंची पंधरा वर्षं त्याच उन्हाळ्यात भरत होती. म्हणजे हे त्यांचं शेवटचं मत. आणि काकांशिवायचं पहिलं. "आयुष्यात पहिल्यांदा माझं मत कुणी खाणार नाही," त्या म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण मग उठून उगाचच ओटा पुसायला लागल्या.

मी सरळ बोलणारा माणूस आहे. आमच्याकडे आडपडदा नसतो. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, की काकू, शेवटचं मत असं फाटकावर उधळू नका. आणि दोन शनिवार घालवून मी एक तक्ता केला. बारा विषय, तीन पक्ष, प्रत्येक विषयाला वजन, आणि खाली बेरीज. ऑफिसच्या प्रिंटरवर रंगीत छापला. सांगायला लाज वाटते, पण त्यात माझा स्वार्थ नव्हता असं नाही. गावी निवडणूक आली की माझी आई फोन करून विचारते, "कुठलं बटण दाबू रं?" आणि मी सांगतो. मी शिकल्याचं ते एक फळ आहे, असं मला वाटायचं. मला वाटलं, काकूही विचारतील.

मतपत्रिकेचं पाकीट आलं तेव्हा मतदानाला जेमतेम आठवडा उरला होता. ही सही करणारी बाई तीच आहे, असं लिहून द्यायला एक साक्षीदार लागायचा, म्हणून काकूंनी मला संध्याकाळी वर बोलावलं. टेबलावर धुतलेला टेबलक्लॉथ, त्यावर मतपत्रिका आणि शेजारी देव्हाऱ्यातली कुंकवाची पितळी कोयरी. मी तक्ता पुढे ठेवला. काकूंनी चष्मा नाकावर सरकवून तो वरून खालपर्यंत वाचला.

"बारा विषय?"

"हो. आणि वजनं लावलीयत."

"यात फाटक कुठंय?"

"काकू, फाटक हा विषय नाही."

त्यांना हसू फुटलं. साधं नाही, डोळ्यांना पाणी येईपर्यंत. "अरे इंजिनिअर, एवढं शिकलास, एवढा रंगीत कागद केलास आणि शेवटी काय, बेरीजच ना? बेरीज तर तो वाणीपण करतो." आणि तक्ता उलटा करून त्यांनी त्यावर गरम चहाचं भांडं ठेवलं.

एवढंच झालं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मीही हसलो असतो. पण मला त्या भांड्याखाली माझी पदवी दिसायला लागली. काकूंनी माझ्यासमोरच, लपवाछपवी न करता, शेजारणीने ज्याची कडी ऐकली होती त्याच्या नावापुढे फुली मारली. कोणता रंग ते इथे लिहीत नाही. तेवढी गुप्तता तरी मी पाळतो. मग त्यांनी सूचनांचा कागद मला दिला. "अक्षर बारीक आहे. वाच बघू मोठ्याने, काय काय करू नये म्हणतात ते."

मी वाचायला लागलो. पाकीट कोणतं आत, कोणतं बाहेर. सही कुठे. मधेच एक ओळ होती: मत देणारी व्यक्ती ओळखू येईल अशी कोणतीही खूण मतपत्रिकेवर केली तर मत बाद होऊ शकतं. माझी नजर त्या ओळीवरून कोयरीवर गेली. आणि मी ती ओळ गाळून पुढची वाचली. आवाज जरासुद्धा अडखळला नाही.

वाचून झाल्यावर काकूंनी कोयरी उघडली. आपल्याकडे लग्नपत्रिकेला, नव्या वहीला, घराच्या खरेदीखताला कुंकू लावतात. मोठा कागद कोरा घरातून जात नाही. काका गेल्यापासून काकू स्वतः कुंकू लावत नसत, देवापुरतंच. "हळद नको," त्या म्हणाल्या, "पिवळ्यांना उगाच वाटायचं, बाई आपलीच."

"मग लालवाल्यांना वाटेल," मी म्हणालो.

"कुंकू कुठल्या पक्षाचं नसतं रे." बोट बुडवलं, मतपत्रिकेवर नेलं आणि तिथेच थांबवलं. माझ्याकडे पाहिलं. "चालेल ना रे? तू वाचलंयस सगळं."

त्या बोटाकडे बघायला मला किती वेळ मिळाला हे मी अजून मोजतो. भरपूर मिळाला.

"चालेल की," मी म्हणालो.

वरच्या उजव्या कोपऱ्यात टिकली उमटली. काकूंनी कागदाला हात जोडले आणि मी साक्षीदार म्हणून सही केली, नावापुढे पदवीसकट. पाकीट टाकायला त्या स्वतः गेल्या. मी त्यांच्या डोक्यावर छत्री धरली होती.

त्यांचा माणूस चांगला सणसणीत हरला. मला आत कुठेतरी हायसं वाटलं, की एका मताने काही बिघडलं नसतं. काकूंना दुःख नव्हतं. "हरला तर हरला. माझं मोजलं ना? आता ह्यांना वर गेल्यावर सांगेन, एकदा तरी माझं पुरं मत पडलं म्हणून." मी हो म्हणालो. पुढे पुष्कळ दिवस मी मनातल्या मनात वकिली करत असे. लेस्टरमध्ये कुंकू लावणारं घर काय एकच आहे? टिकलीवरून बाई ओळखू येते का? मोजणाऱ्याला वाटलं असेल, टपालात शाई सांडली. असेलही. पण मला ओळीचा अर्थ विचारला नव्हता, ओळ वाचायला सांगितली होती.

त्या शरद ऋतूत काकू लेकीकडे, हॉलंडमध्येच उइटहॉर्नला, राहायला गेल्या. सामान हलवायला मी होतो. लेकीच्या घरापुढे बाग, बागेला कमरेएवढं फाटक. खलबत्त्याचं खोकं दोन्ही हातांत घेऊन मी आत शिरलो आणि मागून लेक ओरडली, "गेट! गेट प्लीज!" आणि स्वतःच धावत जाऊन तिने कडी घातली. मग ओशाळून म्हणाली, "सॉरी हं. उघडं राहिलं की आईचा बीपी वाढतो. लेस्टरला मी तीन वर्षांची होते ना तेव्हा. कोणीतरी पत्रकं टाकायला आला, गेट उघडं टाकून गेला आणि मी त्याच्यामागे रस्त्यावर. दूधवाल्याची गाडी इथे थांबली." तिने हाताने वीतभर अंतर दाखवलं. "दुसऱ्या पार्टीचा एक म्हातारा समोरून येत होता, त्याने मला उचलून आत आणलं. आई सांगते, जाताना त्याने कडी लावली आणि दोनदा ओढून बघितली."

काकू खिडकीत उभ्या होत्या. आमच्याकडे नाही, कडीकडे बघत होत्या. मी बारा विषय काढले होते. वजनं लावली होती.

पुढे माझी इथे पाच वर्षं भरली. एवढं राहिलं की परदेशी माणसालाही गावच्या नगरपालिकेसाठी मत देता येतं. तक्ता करायला बसलो आणि उठलो. त्याच आठवड्यात बाजारात जोराचा वारा होता, माझी सायकल आडवी झाली आणि पत्रकं वाटणाऱ्या एका बाईंनी हातातला गठ्ठा काखेत मारून ती उभी केली, स्टँड लावला आणि हलते का ते बघितलं. मी त्यांच्या पत्रकावरचं फक्त नाव वाचलं. इथे मतदानाला लाल पेन्सिल देतात आणि फुली मारायची नसते, नावापुढचा छोटा गोल भरायचा असतो. भरून झाल्यावर मी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिलो. बाहेर येऊन काकूंना फोन लावला आणि त्या लाल गोलाचं सांगितलं.

"लाल?" काकू म्हणाल्या. "लाल टिकलीच म्हणायची की रे ती! मग बघ, माझं कुंकू काही वावगं नव्हतं. मला मेलीला मधूनमधून वाटायचं हं, नको होतं लावायला. पण मग म्हटलं, इंजिनिअरने सगळं वाचलं होतं, तो चालेल म्हणाला. म्हणजे चाललंच असणार."

सरळ बोलणाऱ्या माणसाला याहून चांगली संधी कोण देणार? "वारा फार आहे काकू, नीट ऐकू येत नाही," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

काकू अजून उइटहॉर्नला आहेत. फाटकाला आता नवी कडी आहे, जरा घट्ट. त्यांची नजर खूप मंदावली आहे, मराठी काही छापलेलं मिळालं की कुणालातरी बसवून मोठ्याने वाचून घेतात. हेही घेतील. जो कोणी वाचून दाखवेल त्याला माझी एकच विनंती आहे. एकही ओळ गाळू नका.