मावशीची चालती प्रथिनं

चालण्यावर माझ्या धाकट्या मावशीइतकं प्रेम करणारं आणि स्वतः इतकं वाईट चालणारं माणूस अख्ख्या दिल्लीत दुसरं सापडायचं नाही. मयूर विहारमधल्या तिच्या घरातल्या प्रत्येक टीपॉयने तिची नडगी चाखलेली आहे. चूक टीपॉयची नसते, मावशीचीही नसते. ती तेव्हा तिथे नसतेच. ती असते आपल्या पेशींच्या आत, जिथे म्हणे प्रथिनांच्या इवल्याशा मोटारी पाठीवर ओझं घेऊन, एकामागून एक पाऊल टाकत, धाग्यांवरून चालत असतात. या मोटारींनी उजेडाचं ऐकावं, एवढाच मावशीच्या संशोधनाचा हट्ट. निळा प्रकाश पडला की मागे फिरावं, गेला की पुन्हा पुढे निघावं. मग काचेवर केसाहून बारीक रस्ते कोरायचे, त्यांवरून औषधाचे कण न्यायचे आणि रहदारी सांभाळायला फक्त एक दिवा. "दिल्लीत जे कुणाला जमलं नाही, ते तू काचेवर जमवणार म्हण की," असं काका, म्हणजे तिचे यजमान, म्हणायचे.

मेट्रोत ती स्वतःच्या स्टेशनावर उतरली, असं क्वचितच घडतं. एकदा तर उतरून गर्दी बघत तिथेच इतका वेळ उभी राहिली की गार्डने विचारलं, "मॅडम, किसी का इंतज़ार है?" मावशी म्हणाली, "नहीं भैया, बस लोगों की चाल देख रही हूँ." त्यानंतर त्या गार्डने तिच्यावर जरा जास्तच लक्ष ठेवलं. प्रयोगशाळेत तिला लाल उजेडात काम करावं लागतं, कारण साध्या दिव्यात निळा प्रकाश मिसळलेला असतो आणि मोटारी बिचकतात. डोळ्यांना सवय हवी म्हणून तिने घरातही लाल बल्ब लावले. सोसायटीचे सेक्रेटरी दबकत आले. "मॅडम, बाल्कनी में लाल लाइट... लोग बातें कर रहे हैं." मावशीने त्यांना बसवलं, चहा दिला आणि लोकरीचा धागा ताणून त्यावरून कपड्यांचे दोन चिमटे चालवून दाखवले. सेक्रेटरी बाहेर पडले ते स्वतःच्याच पावलांकडे बघत. तक्रार करायची राहूनच गेली.

मग काकांना पक्षाघात झाला. उजवा हात थोडाफार परतला, उजवा पाय परतला नाही. भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी, चांगल्या मनानेच, म्हणालं, "अगं, तुझ्या त्या मोटारी बसव की यांच्या पायात!" मावशी काकांच्या पायावरची शाल सारखी करत होती. "त्या आहेतच तिथे," ती म्हणाली. "एकूण एक चालू आहेत. वरून निरोपच पोचत नाही, तर त्या बिचाऱ्या काय करणार?" त्या दिवसापासून तिचं बोलणं कमी झालं. प्रयोगही फसत होता. काचेला चिकटवलेल्या मोटारी धाग्यांना पुढे सारायच्या, पण निळा दिवा लागला की धागे जागच्या जागी थिजायचे, वळायचे काही नाहीत. निवृत्ती जवळ आली होती आणि ही काच आता कुणीतरी कपाटात ठेवून देणार, हे तिला दिसत होतं.

जानेवारीतल्या एका दुपारी तिचा फोन आला. "काकांना घेऊन ये," एवढंच. मी टॅक्सी केली. वॉकर सांभाळत आम्ही प्रयोगशाळेतल्या तिच्या अंधाऱ्या खोलीत पोचलो. पडद्यावर असंख्य उजळ धागे तरंगत होते, सगळे एकाच दिशेने, संथ, यमुनेवर सोडलेल्या दिव्यांसारखे. मोटारी इतक्या लहान की त्या दिसत नाहीत. त्या ज्यांना पुढे सारतात, ते धागे तेवढे दिसतात. मावशीने काकांचा उजवा हात उचलून एका बटणावर ठेवला. "दाबा." बोट थरथरलं, घसरलं, पुन्हा बटणावर आलं. कोपऱ्यात निळा दिवा लागला आणि ती सगळी मिरवणूक थबकली. क्षणभर मला वाटलं, झालं, आजही थिजली. मग सगळे धागे हळूच मागे फिरले. काकांनी बोट उचललं, धागे पुढे निघाले. पुन्हा दाबलं, पुन्हा फिरले. एरवी चिमट्यांवर तास तास बोलणारी मावशी भिंतीला टेकून नुसती काकांच्या बोटाकडे बघत होती.

"अगं," काका जड जिभेने म्हणाले, "ऐकतात की माझं."

बाहेर कोवळं ऊन पडलं होतं. मावशी कुलूप लावून येईपर्यंत काका बाकावर टेकले. ती आली, त्यांच्या शेजारी बसली आणि बसल्या बसल्या त्यांच्या खांद्यावर झोपून गेली. मी टॅक्सी बोलवायला फोन काढला, तर काकांनी डाव्या हाताने मला थांबवलं.

"राहू दे," ते कुजबुजले. "कुठे जायचंय आपल्याला?"