भास्करसाठी गाऱ्हाणं

मंडळी, आपल्या वाचनालयाच्या या फळ्यावर मी एरवी फक्त वाचतो. आज सकाळी घरी जे घडलं ते मात्र लिहून लावतोय.

पत्नीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून इथून नेलेली कादंबरी तिला वाचून दाखवत होतो. कादंबरीचा नायक भास्कर भावाचं घर लुबाडतो, म्हाताऱ्या आईला बाहेर काढतो. मला त्याची इतकी चीड आली की मधेच पुस्तक मिटायचो. "वाचा हो," ती म्हणायची. आज संपलं. भास्कर शेवटपर्यंत सुधारला नाही.

मग पूजा करून नेहमीचं गाऱ्हाणं घातलं. आम्ही मालवणकडचे. मी घरातल्या एकेकासाठी देवाकडे मागणं मागतो आणि ती "होय महाराजा" म्हणते. आज माझं संपलं तरी तिचे हात जोडलेलेच.

"त्या भास्कराचां ऱ्हवलां," ती म्हणाली.

"अगो, तो पुस्तकातलो. तो पण तसलो वायट."

"आवशीक भायर काढल्यान. आता त्येचां गाऱ्हाणां कोण घालतलो?"

मी पुन्हा हात जोडले. मग मुलांची नावं घेतो त्याच आवाजात भास्करचं नाव घेतलं. डोळ्यावर पट्टी असलेली ती म्हणाली, "होय महाराजा."

जो कधी जन्मलाच नाही, त्याच्यासाठी मुलुंडच्या एका स्वयंपाकघरात देवाला हाक गेली. लेखकाने तर त्याच्या बाजूने एक शब्द लिहिला नव्हता.

पुस्तक आताच परत केलंय. पुढे जो नेईल त्याने शेवटचं पान वाचून झाल्यावर इथे खाली लिहावं, भास्करचं नाव तुम्ही घेतलं असतं का?