मला धमकी कधी मिळणार?

वाडीवर निवडणूक आली की धमक्या येतात. धमकी देणारा निघून जातो, किस्सा मागे राहतो. असे पुष्कळ साठलेत. पण सगळे माझ्या दादाचे! माझा एकही नव्हता. दादा या पावसाळ्यात तापाने गेला. तो गेला तरी मी त्याच्यावर जळतो.

*

आमची अर्धी वाडी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाते. कोण शहापूरला, कोण मुरबाडला, कुठल्या भट्टीवर, ते फक्त दादाला पाठ. मतदानाला सगळ्यांना जीपने तोच आणायचा. ती मतं आपल्याला नाहीत, हे उमेदवार भाऊसाहेबांना माहीत होतं. दारात येऊन ओरडले, "माणसं आणलीस तर तंगडं तोडीन!"

दादा म्हणाला, "मंग जीप तुमी चालवा, भाऊसाहेब. मी मागं बसून रस्ता दाखवतो!"

मी बाजूलाच उभा होतो. माझ्या तंगड्याकडे कोणी बघितलंही नाही!

*

पुढच्या खेपेला भाऊसाहेबांनी दादाला वाघोबाच्या दगडावर हात ठेवायला लावला. "शपथ घे, मत मलाच!" दादाने घेतली. संध्याकाळी विरोधी उमेदवार आला. दादाने त्याचीही घेतली!

मी घाबरलो. "दादा, वाघोबा कोपंल रे."

"कोपू दे. आधी इचारंल, जबरदस्ती कोनी केली?"

मला शपथेला कोणी बोलावलं नाही. मी आपला एकटाच जाऊन दगडावर हात ठेवून आलो.

*

सगळ्यात गाजला तो हापशाचा. भाऊसाहेबांची माणसं हापशाचं हँडल काढून घेऊन गेली. मत नाही, तर पाणी बंद! दादा सरळ भरसभेत गेला. "भाऊसाहेब, तुमच्या गाडीत आमच्या हापशाचं हँडल राहिलंय!"

सभा हसून लोटपोट. हँडल परत मिळालं. तोवर नदीवरून हंडे मी वाहिले, नाव दादाचं!

*

यंदा भाऊसाहेब परत आले. घरोघर दम दिला. माझ्यापुढे मात्र हात जोडले. "सांभाळ रे बाळा. दादा चांगला होता तुझा."

बाळा! माझं डोकंच फिरलं. पाना घेतला, हापशाचं हँडल स्वतःच काढलं, गुपचूप त्यांच्या गाडीच्या डिकीत टाकलं आणि सभेत जाऊन ओरडलो, "भाऊसाहेब, तुमच्या गाडीत आमच्या हापशाचं हँडल राहिलंय!"

कोणी हसलं नाही. डिकी उघडली. हँडल निघालं! भाऊसाहेब लालेलाल. "संत्या! तुला बघून घेईन!"

हँडल खांद्यावर टाकून घरी पळत आलो. "वैनी, मला धमकी दिली! नाव घेऊन!"

दादा गेल्यापासून वैनी पहिल्यांदाच हसली. तोंडाला पदर लावला. मग भिंतीवरच्या फोटोकडे वळून म्हणाली, "ऐकलंत का?"